नाशिक–नागपूर विमानाचं अंतर ५४५, २९४ की ३३९? आणि वेळ नक्की किती धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नाशिक ते नागपूर विमानाचं अंतर शोधलं तर एकीकडे ५४५ दिसतं, दुसरीकडे २९४ आणि तिसरीकडे ३३९. वेळेचंही तेच. कुठे ४१ मिनिटं, कुठे १ तास ११ मिनिटं, तर तिकिटाच्या पानावर १ तास ४५ मिनिटं. धरायचं काय? मला कॉलेज रोडहून निघून सकाळी ११ वाजता नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये पोहोचायचंय. विमानानं जाऊ की समृद्धीवरून गाडी काढू?"

आधी अंतराचा घोळ मिटवू, तो सोपा आहे. तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि तिन्ही एकच अंतर सांगतात. ५४५ हे किलोमीटर, २९४ हे सागरी मैल, म्हणजे विमानवाले ज्याला नॉटिकल मैल म्हणतात ते, आणि ३३९ हे साधे मैल. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, साधा मैल १.६०९ चा. बऱ्याच साइट्स एकक बारीक अक्षरात टाकतात किंवा टाकतच नाहीत, म्हणून गोंधळ होतो.

मात्र हे ५४५ कुठून कुठपर्यंत आहेत ते बघा. ते पंचवटी ते सीताबर्डी नाहीत. प्रत्येक विमानतळाचा एक ठरलेला संदर्भबिंदू असतो, बहुतेकदा धावपट्टीच्या मध्याच्या आसपास. ओझरच्या (नाशिकचं विमानतळ) बिंदूपासून सोनेगावच्या (नागपूरचं विमानतळ) बिंदूपर्यंत पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जी सर्वांत जवळची रेघ निघते, तिची ही लांबी. नकाशावर ती ओढून पाहिली तर मनमाड, बुलढाणा, अकोला आणि अमरावतीचं बेलोरा विमानतळ यांच्या जवळजवळ डोक्यावरून जाते. अजिंठ्याची लेणी तिच्या उत्तरेला जेमतेम दहा किलोमीटरवर राहतात. निम्मा रस्ता खामगावच्या जवळपास संपतो.

पृथ्वी गोल असल्यामुळे फरक पडतो का, हा यावर हमखास येणारा पुढचा प्रश्न. मुंबई–न्यूयॉर्कला पडतो, भरपूर पडतो. इथे सपाट नकाशावरची सरळ रेघ आणि खरी गोलावरची रेघ यांच्यात मध्यावर सुमारे २ किलोमीटरचं अंतर पडतं आणि एकूण लांबीत काही मीटरांचं. सोडून द्या.

सोडून देता येत नाही ती गोष्ट वेगळी आहे. विमान या रेघेवरून जात नाही. उड्डाण होतं ते धावपट्टीच्या दिशेनं, नागपूरच्या दिशेनं नाही. मग विमान वळून मार्गाला लागतं. पुढचा मार्ग ठरलेल्या बिंदूंवरून जातो, आणि वाटेत लष्करी सरावाचं क्षेत्र चालू असेल तर त्याला वळसा पडतो. ओझर हे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं विमानतळ आहे, तिथे सुखोई बांधले जातात आणि त्यांची चाचणी उड्डाणंही होतात. त्यामुळे प्रवासी विमानाला कधी जमिनीवर, कधी हवेत थोडं थांबावं लागतं.

नागपूरकडची गंमत आणखी वेगळी. तिथली धावपट्टी वायव्य–आग्नेय आहे, तिच्या टोकांना १४ आणि ३२ म्हणतात. १४ वापरात असेल तर नाशिकहून येणारं विमान वायव्येकडे थोडं सरकतं, उजवीकडे वळतं आणि उतरतं. ३२ वापरात असेल तर विमानतळ डावीकडे ठेवून पुढे जायचं, आग्नेयेकडून वळून परत यायचं आणि मग उतरायचं. खाली खिडकीतून धावपट्टी दिसत असते आणि विमान मात्र तिच्यापासून लांब चाललेलं असतं. शेजारचा प्रवासी "चुकलं की काय" म्हणतो तो हाच क्षण. यात पाच-सहा मिनिटं जातात.

या सगळ्यामुळे प्रत्यक्ष उड्डाणाचं अंतर सरळ रेघेपेक्षा ३ ते ७ टक्के जास्त धरायचं. म्हणजे २९४ नॉटिकल मैलांचे साधारण ३१०. किलोमीटरमध्ये ५७५ च्या आसपास.

आता वेळ. ४१ मिनिटं कशी आली ते उघड आहे: ५४५ भागिले ताशी ८००. १ तास ११ मिनिटं म्हणजे त्याच ४१ मध्ये चढण्या-उतरण्याचे म्हणून सरसकट ३० मिनिटं टाकली. साइटचं यंत्र दिल्ली–चेन्नईला जे सूत्र लावतं तेच नाशिक–नागपूरला लावतं. दोन्ही आकड्यांत एक गृहीतक लपलेलं आहे: विमान जेट आहे. नाशिकसारख्या विमानतळावरून अशा मार्गांवर बरेचदा एटीआर ७२ असतं, म्हणजे दोन पंख्यांचं, सत्तर ते अठ्ठ्याहत्तर आसनांचं. त्याचा सरळ उड्डाणातला वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. तेव्हा तिकीट काढताना पहिल्यांदा विमानाचा प्रकार बघा. तो तिथेच लिहिलेला असतो, फक्त कुणी वाचत नाही.

एटीआरचा हिशोब आम्ही उड्डाणाचं नियोजन करताना करतो तसा इथे मांडतो. आकडे शांत हवेचे आहेत. दरवाजा बंद होऊन चाकांखालचे अडवणीचे ठोकळे काढल्यापासून धावपट्टीवर पोहोचेपर्यंत ८ मिनिटं. उड्डाण करून १७ हजार फुटांवर जायला १६ मिनिटं, त्यात ५६ नॉटिकल मैल कापले जातात (इथून पुढे मैल म्हणजे नॉटिकल मैलच). शेवटचे उतरण्याचे ५० मैल साडेबारा मिनिटांत. त्यानंतरचा धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा आणखी १० मैलांचा, त्याला वेग कमी म्हणून ४ मिनिटं. ३१० मधून हे ११६ वजा केले की मधले १९४ मैल उरतात. २७० नॉट्सनं, म्हणजे ताशी २७० नॉटिकल मैलांनी, त्याला ४३ मिनिटं. हवेतला वेळ झाला सुमारे ७६ मिनिटं. उतरल्यावर उभं राहण्याच्या जागेपर्यंत ५ मिनिटं. सगळे मिळून ८९, म्हणजे दीड तास.

मग तिकिटावर १ तास ४५ का? वरची पंधरा-सोळा मिनिटं ही कंपनीनं ठेवलेली सवड. वेळापत्रकात जो वेळ छापतात तो हवेतला नसतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात: इकडचे ठोकळे काढल्यापासून तिकडचे ठोकळे लावेपर्यंत. कंपनी तो मागच्या हंगामातल्या प्रत्यक्ष उड्डाणांवरून ठरवते, आणि सरासरी घेत नाही. सरासरी घेतली तर निम्मी विमानं उशिरा ठरतील. वारा, वळसे, ३२ ची धावपट्टी हे धरूनही बहुतेक दिवशी वेळेत पोहोचता यावं इतका तो ताणलेला असतो. "आपण नियोजित वेळेच्या दहा मिनिटं आधी पोहोचलो आहोत" ही घोषणा ऐकून वैमानिकानं गाडी हाणली असं वाटतं. तसं काही नसतं, सवड वापरली गेली नाही एवढंच.

हाच मार्ग जेटनं केला तर? विमान २९ हजार फुटांवर जाईल. चढायला १४ मिनिटं आणि ७५ मैल. उतरायला १५ मिनिटं आणि ९० मैल, शेवटचा टप्पा १२ मैल आणि ५ मिनिटं. म्हणजे ३१० पैकी १७७ मैल चढण्या-उतरण्यातच गेले. पूर्ण वेगाला जागाच उरते १३३ मैलांची, ती १८ मिनिटांत संपते. हवेतला वेळ ५२ मिनिटं, जमिनीवरची १३ आणि सवड धरून ब्लॉक टाइम ७५ ते ८०. वेग दीडपटीहून जास्त, तरी वाचली फक्त पंचवीस-तीस मिनिटं. प्रादेशिक विमानतळांमधल्या सगळ्याच मार्गांचं हे असंच आहे. अंतर कमी असलं की वेळ वेगावर कमी आणि ठरलेल्या कामांवर जास्त जातो. कंपन्या अशा ठिकाणी एटीआर लावतात त्याचं हेही एक कारण: इंधन बरंच कमी लागतं आणि प्रवाशाचा वेळ फारसा वाढत नाही.

दुसऱ्या कुठल्या मार्गाचा अंदाज घ्यायचा असेल तर घरगुती सूत्र देतो. एटीआर असेल तर किलोमीटरमधलं सरळ अंतर ८ नं भागायचं, जेट असेल तर १३ नं, आणि दोन्हीकडे ३७ मिळवायचे. उत्तर ब्लॉक टाइमच्या मिनिटांत येतं. नाशिक–नागपूर एटीआर: ६८ अधिक ३७, म्हणजे १०५. कोल्हापूर–हैदराबाद सुमारे ४४५ किलोमीटर, एटीआरला ५६ अधिक ३७, ९३ मिनिटं. पुणे–नागपूर ६०५ किलोमीटर, जेटला ४७ अधिक ३७, ८४ मिनिटं. पाच-सात मिनिटं इकडे-तिकडे होतील. मुंबई किंवा दिल्ली एका टोकाला असेल तर मात्र हे सूत्र वापरू नका, तिथे जमिनीवरच्या रांगेचा काही नेम नाही.

वाऱ्यामुळे किती फरक पडतो हे हंगामावर आहे. हिवाळ्यात आपल्याकडे वरच्या थरात पश्चिमेचा वारा असतो. नागपूरला जाताना तो पाठीशी, येताना समोर. ३० नॉट्सचा वारा धरला तर मधल्या १९४ मैलांना जाताना ३९ मिनिटं लागतात आणि येताना साडेअठ्ठेचाळीस. म्हणून एकाच मार्गाचा जाण्याचा आणि येण्याचा छापील वेळ वेगळा दिसला तर ती चूक समजू नका. उंचीही दोन्ही वेळा वेगळी असते: पूर्वेकडे जाणारं विमान १७, १९, २१ हजार अशा विषम पातळीवर, पश्चिमेकडे येणारं १६, १८, २० हजार अशा सम पातळीवर. समोरासमोरची विमानं एका उंचीवर येऊ नयेत म्हणून हा जगात बहुतेक ठिकाणचा नियम.

उन्हाळ्यात प्रकरण दुसरं. विदर्भात दुपारी पारा ४५ च्या जवळ गेला की हवा विरळ होते, इंजिन आणि पंख दोघांनाही कमी पडते, आणि एटीआर चढायला तीन-चार मिनिटं जास्त घेतं. शिवाय दुपारच्या तापलेल्या हवेत खालच्या थरात धक्के बसतात. ज्येष्ठांना किंवा लहान मुलांना घेऊन एप्रिल-मेमध्ये जायचं असेल तर सकाळचं विमान घ्या. हिवाळ्यात नेमकं उलटं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं असेल तर सकाळचंच विमान अडकतं.

धुक्यावरून इंधनाचा मुद्दा सांगतो, कारण "नागपूरला उतरता आलं नाही म्हणून विमान परत आणलं" अशा बातम्या वाचून लोक घाबरतात. विमानात फक्त नागपूरपर्यंतचं इंधन कधीच नसतं. प्रवासाचं, त्यावर अनपेक्षित गोष्टींसाठी थोडं, मग पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचं, आणि त्याच्याही वर अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं राखीव. नागपूरला पर्याय म्हणून रायपूर सरळ रेघेत २८० किलोमीटरवर आहे, छत्रपती संभाजीनगर ४०५ वर. नाशिकला मात्र मुंबई आणि संभाजीनगर दोन्ही सुमारे १६० वर. म्हणून नागपूरकडे जाताना टाकीत इंधन जास्त न्यावं लागतं आणि हवामान शंकास्पद असेल तर नियोजन करणारा आधीच विमान जमिनीवर थांबवतो. हवेत तासभर फिरवण्यापेक्षा ओझरला बसवून ठेवलेलं बरं. प्रवाशाला तो उशीर वाटतो, पण दोन्हीतला स्वस्त आणि सुखाचा पर्याय तोच.

ब्लॉक टाइमचा आणखी एक उपयोग लोकांना माहीत नसतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे भरपाईचे नियम अंतरावर नाहीत, ब्लॉक टाइमवर आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाण्यापिण्याची सोय कंपनीनं करायची असते, पण तुम्ही वेळेत चेक-इन केलेलं हवं. कंपनीनं पुरेशी पूर्वसूचना न देता आपल्या कारणानं उड्डाण रद्द केलं तर एक तासापर्यंतच्या मार्गाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या मार्गाला ७,५०० आणि त्यापुढे १०,००० ही मर्यादा आहे. मूळ भाडं अधिक इंधन आकार ही रक्कम त्याहून कमी भरली तर तीच मिळते. नाशिक–नागपूर मधल्या गटात बसतं. धुकं, वादळ, हवाई नियंत्रणाचे निर्बंध अशा कारणांना ही रोख भरपाई लागू नाही. हे काउंटरवर भांडण्याआधी लक्षात घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न, सकाळी ११ चा. इथे विमानाचा वेग बाजूला ठेवा आणि घरापासून घरापर्यंत मोजा. कॉलेज रोडहून ओझरला ४५ मिनिटं धरा. टर्मिनल ओझर गावात नाही, जानोरीच्या बाजूला आहे, 'दहावा मैल' नावाच्या चौकातून आत वळायचं. नवखा रिक्षावाला कारखान्याच्या वसाहतीकडे नेऊन ठेवतो आणि तिथून वळसा घालताना वेळ जातो, म्हणून नकाशात टर्मिनलच लावा. काउंटर बहुतेक कंपन्यांचा ६० मिनिटं आधी बंद होतो, गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी, तेव्हा ९० मिनिटं आधी पोहोचायचं. उड्डाण १०५ मिनिटं. उतरून सामान घेऊन बाहेर यायला २०. सोनेगावहून सिव्हिल लाइन्सला टॅक्सीनं सकाळच्या गर्दीत ३५. बेरीज २९५, म्हणजे पाच तासांना पाच मिनिटं कमी. त्यातलं हवेतलं प्रत्यक्ष उड्डाण सव्वा तासाचं.

गाडीनं? नाशिकहून सिन्नरजवळ गोंदे इथे समृद्धीवर चढायचं. तिथपर्यंत चाळीस किलोमीटर, पुढे नागपूरपर्यंत साडेपाचशेहून थोडे जास्त, एकूण सहाशेच्या घरात. ताशी १२० ची मर्यादा म्हणजे १२० ची सरासरी नव्हे. ९० ची सरासरी धरा, पावणेसात तास. पाऊण तास चहा, जेवण आणि पाय मोकळे करायला. साडेसात तास झाले. समृद्धीवर हा पाऊण तास कापू नका. सरळ, रिकाम्या, एकसुरी रस्त्यावर डोळा लागणं हा तिथला खरा धोका आहे, आणि टायर फुटणं हा दुसरा, म्हणून प्रवासाला निघण्याआधी टायरमधली हवा तपासा. रेल्वेनं नाशिक रोड–नागपूर सुमारे ६५० किलोमीटर आहे, रात्रीच्या गाडीनं झोपून जाता येतं, आणि ११ च्या कामाला तो पर्याय मुळीच वाईट नाही.

म्हणजे निर्णय असा होतो: विमान साडेनऊपर्यंत नागपूरला उतरत असेल तर त्याच दिवशी जा, कारण बाहेर पडायला आणि सिव्हिल लाइन्सला पोहोचायला ५५ मिनिटं गेली तरी हातात अर्धा-पाऊण तास राहतो. उतरण्याची वेळ दहाच्या पुढची असेल तर आदल्या दिवशी जा किंवा रात्रीची रेल्वे घ्या. चौघं जण असाल आणि काम दुपारी असेल तर गाडीचा हिशोब पैशांत बसतो. एकटे असाल तर बसत नाही. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरची तिकिटं महाग होतात आणि सिव्हिल लाइन्समध्ये बंदोबस्तही असतो, तेव्हा ३५ मिनिटांचे ५० करा. विमानतळाजवळून मेट्रो आहे, झिरो माइल स्थानकापर्यंत ती रस्त्याच्या गर्दीत अडकत नाही. पण टर्मिनल ते स्थानक हे अंतर सामान घेऊन चालण्यासारखं नाही, तिथे रिक्षा करावी लागते.

वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. गेल्या दिवाळीत सकाळी सातला असलेलं विमान या मे महिन्यात दुपारी असू शकतं, किंवा नसूही शकतं. त्यामुळे कुणाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नका, तारीख टाकून बघा.

एटीआर असेल तर आणखी दोन बारीक गोष्टी. चढण्या-उतरण्याचा दरवाजा मागच्या बाजूला असतो आणि सामानाचा कप्पा पुढे. घाई असेल तर मागच्या रांगेतली जागा घ्या, तुम्ही सगळ्यांच्या आधी खाली असाल. डोक्यावरचे कप्पे लहान आहेत, मोठी ट्रॉली आत मावत नाही, ती विमानाजवळच काढून घेतात आणि उतरल्यावर परत देतात. त्यात लॅपटॉप, औषधं किंवा कामाची कागदपत्रं असतील तर आधीच हातात काढून ठेवा. खिडकी मिळणार असेल तर जाताना डावी मागा: ऊन बहुतेकदा उजवीकडून येतं, आणि हवा स्वच्छ असेल तर बुलढाण्याच्या आधी अजिंठ्याचा डोंगर दिसतो.

आणि निघायच्या दिवशी विमान वेळेत आहे का हे बघताना फक्त तुमच्या उड्डाणाचा नंबर बघू नका. तेच विमान ओझरला कुठून येणार आहे ते शोधा आणि ते तिथून निघालं का ते बघा. एक एटीआर दिवसात पाच-सहा फेऱ्या करतं, मध्ये थांबतं जेमतेम २५–३० मिनिटं. सकाळी पहिल्या फेरीला झालेला उशीर दुपारपर्यंत पुसला जात नाही, उलट वाढतो. आधीचं विमान तिकडून ४० मिनिटं उशिरा निघालं असेल, तर कंपनीचा मेसेज येवो न येवो, तुमचंही तेवढ्याच उशिरा निघणार असं धरून चाला. काउंटर मात्र छापील वेळेच्या हिशोबानंच बंद होतो, त्यामुळे घरून उशिरा निघू नका.